शेवटचा बाण कुणावर?



मुलामुलींच्या वाचनाविषयी या सदरात आम्ही अधूनमधून लिहीत असतो. या खेपेस विषय घेतला आहे तो अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांच्या 'हंगर गेम्स' या कादंबरीमालेच्या अखेरच्या भागाचा. 'मॉकिंगजे' हे त्याचे नाव. २४ ऑगस्ट २०१० रोजी तो प्रसिद्ध झाला. या मालेच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या, त्यावर चित्रपट निघाले, आणि कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलींच्या पिशवीतही ही पुस्तके दिसू लागली. ती चाळून पाहणाऱ्या आया विचारतात, यात तर पानोपानी मरण आहे, लहान मुलेच लहान मुलांना मारतात, असले काळेकुट्ट पुस्तक पोरींनी वाचावे काय?

प्रश्न रास्त आहे. खुद्द अमेरिकेतही तो विचारला गेला. तिथल्या ग्रंथालय संघटनेने ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक तक्रारी आल्या त्यांच्या याद्या काढल्या, त्यात २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षी 'हंगर गेम्स'चे नाव होते. आमचे उत्तर 'वाचावे' असे आहे, आणि त्याचे कारण शेवटच्या भागात आहे. तेव्हा शेवट सांगूनच आम्ही लिहिणार. ज्यांना तो आधी कळू नये असे वाटते त्यांनी हे पान मुलीचे पुस्तक वाचून होईपर्यंत बाजूला ठेवावे.

कथा घडते पॅनेम नावाच्या काल्पनिक राष्ट्रात. उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यानंतर त्या भूमीवर उभे राहिलेले हे राष्ट्र. कॅपिटॉल ही श्रीमंत राजधानी आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. एक जिल्हा कोळसा काढतो, एक मासे धरतो, एक कापड विणतो, एक शेती करतो. पिकवणारा मात्र उपाशी. फार पूर्वी जिल्ह्यांनी बंड केले. ते चिरडण्यात आले, तेरावा जिल्हा तर बेचिराख केला असे जाहीर झाले, आणि शिक्षा म्हणून कायदा आला की दरसाल प्रत्येक जिल्ह्याने बारा ते अठरा वयाचा एक मुलगा व एक मुलगी राजधानीला द्यायची. ही चोवीस मुले एका रिंगणात सोडायची आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचे. बाकी साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहायचे, तेही सक्तीने. अथेन्सने क्रीटच्या राजाला सात मुलगे व सात मुली बळी म्हणून पाठवायची, ही ग्रीक दंतकथा लेखिकेच्या मनात होती. दुसरे कारण तिने सांगितले आहे ते असे की, एका रात्री टीव्हीची चॅनेले बदलताना एकीकडे तरुणांच्या स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्ये दिसत होती, आणि पाहता पाहता दोन्ही एकमेकांत मिसळून गेली.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. हिशेब दिसला की कागद पुढे ओढतो. चिठ्ठ्यांचा हिशेब असा. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असे करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत गरीब-श्रीमंत सारखेच. पण घरात खायला नसेल तर मुलाने आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकायची आणि तिच्या बदल्यात एका माणसाला वर्षभर पुरेल न पुरेल इतके धान्य आणि तेल उचलायचे. घरात जितकी तोंडे तितक्या वेळा ही सवलत! आणि या चिठ्ठ्याही मागच्या सालात मिळवत जायच्या. नायिका कॅटनिसने बाराव्या वर्षापासून स्वतःसाठी, आईसाठी व धाकट्या बहिणीसाठी धान्य उचलले. वर्षाला चार चिठ्ठ्या, सोळाव्या वर्षी वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसे. वर्षाला सहा याप्रमाणे सात वर्षांच्या बेचाळीस. महापौरांची मुलगी कॅटनिसच्याच वयाची, तिच्या चिठ्ठ्या पाच. कायदा सर्वांना समान, पण भांड्यात हात घातला तर कुणाचे नाव येणार हे भुकेने आधीच ठरवलेले. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही निघते ती कॅटनिसची बहीण प्रिम हिची चिठ्ठी. वय बारा, चिठ्ठी एकच. कॅटनिस पुढे होऊन तिच्या जागी जाते. पहिले दोन भाग थोडक्यात सांगतो. रिंगणात ती व तिच्याच जिल्ह्यातला पीटा, दोघे मिळून विषारी फळे खाण्याची धमकी देतात आणि दोघेही जिवंत परततात. राजधानीला ही बंडखोरी वाटते. पुढल्या वर्षी जुन्या विजेत्यांनाच पुन्हा रिंगणात उतरवतात, तेव्हा कॅटनिस बाणाने रिंगणच फोडते. बंडखोर तिला उचलून नेतात, पीटा शत्रूच्या हाती सापडतो, आणि तिचा बारावा जिल्हा बॉम्बने जाळला जातो. आठएक हजार लोकांतले नऊशेही उरत नाहीत.

आता अखेरचा भाग. नष्ट झाला म्हणून सांगितलेला तेरावा जिल्हा जमिनीखाली जिवंत आहे आणि बंडाचे नेतृत्व करतो आहे. तिथे सगळे मोजून-मापून. सकाळी हातावर दिवसाचे वेळापत्रक जांभळ्या शाईत उमटते, जेवण अंगाला लागेल तेवढेच ताटात पडते. उपाशी कुणी नाही, चैनही कुणाला नाही. अध्यक्षा आल्मा कॉइन, मोजके बोलणारी, शिस्तीची बाई. वाचणाऱ्याला वाटते, चला, योग्य माणसांत आलो. मग कॅटनिसला कळते की, तिची रंगभूषा करणारी राजधानीची तीन माणसे भाकरीचा तुकडा चोरला म्हणून साखळ्यांनी बांधून ठेवली आहेत. लेखिका यावर भाषण ठोकत नाही, प्रसंग सांगते आणि पुढे जाते. ही खूण वाचकाने लक्षात ठेवायची आहे.

कॉइनला बंडाचे प्रतीक म्हणून कॅटनिस हवी आहे. मॉकिंगजे हा या कथेतला पक्षी. राजधानीने हेरगिरीसाठी प्रयोगशाळेत एक पाखरू तयार केले होते, ते माणसांचे बोलणे जसेच्या तसे परत बोलून दाखवी. बंडखोरांनी त्याच्या कानी खोट्या गोष्टी घातल्या, तेव्हा राजधानीने ती पाखरे मरायला रानात सोडून दिली. ती मेली नाहीत. रानातल्या पक्ष्यांशी त्यांचा जोडा जमला आणि कुणाला नको असलेली ही नवी जात जन्मली. कॅटनिसला हे नाव मिळते ते यामुळे. पण प्रतीक होणे म्हणजे पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे राहणे आलेच. पोशाख ठरलेला, वाक्ये ठरलेली. तेरा वर्षांची प्रिम तिला सांगते की, यांना तुझी गरज आहे, तू मागशील ते मिळेल. आणि कॅटनिस अटी घालते. पीटा व इतर पकडलेल्या विजेत्यांना माफी, आणि हे वचन साऱ्या जनतेसमोर जाहीर करायचे. तोंडी आश्वासनावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही पाने जरूर वाचावीत.

या पुस्तकात कर्तृत्ववान बायका पुष्कळ आहेत आणि सगळ्या एका साच्यातल्या नाहीत, हे आम्हाला विशेष वाटले. कॅटनिसची आई नवऱ्याच्या मृत्यूनंतर कोसळलेली, तीच जखमींवर उपचार करताना कणखर. जोहाना तोंडाची फटकळ. कैदेत तिला पाण्यात भिजवून विजेचे झटके दिले, तेव्हापासून पाणी अंगावर आले की ती थरथरते. आठव्या जिल्ह्याची पेलर हातात बंदूक घेऊन लढते. आणि कॉइन हीसुद्धा बाईच. बाई गादीवर बसली म्हणजे सत्ता आपोआप मायाळू होते, असा भाबडेपणा लेखिकेजवळ नाही.

युद्ध चालू असताना गेल आणि यंत्रतज्ज्ञ बीटी मिळून सापळे तयार करतात. त्यातला एक असा की, पहिला बॉम्ब फुटावा, जखमींना वाचवायला माणसे धावून यावीत, आणि मग दुसरा फुटावा. माणसाच्या दयेलाच आमिष लावायचे. कॅटनिस म्हणते, ही हद्द ओलांडणे झाले. गेलचे उत्तर असते की, शत्रूने आपल्याशी हेच केले. गेल वाईट नाही, हे ध्यानात घ्या. त्याच्या चिठ्ठ्या बेचाळीस होत्या. त्याच्या गावाची राख झाली. त्याचा राग खरा आहे, आणि तरी कागदावर तो जे आखतो आहे ते भयंकर आहे. चळवळीतल्या तरुण पोरांना आम्ही गेलच्या जागी बसवून पाहतो, तेव्हा त्याचा तिरस्कार करवत नाही.

बंडखोर राजधानीत शिरतात. अध्यक्ष स्नोच्या वाड्यासमोर राजधानीचीच लहान मुले कुंपणात कोंडलेली आहेत, ढालीसारखी. वरून राजधानीचे चिन्ह असलेले विमान येते आणि चंदेरी छत्र्या खाली सोडते. रिंगणातल्या खेळाडूंना अशाच छत्र्यांतून अन्न व औषध येत असे, म्हणून मुले आशेने हात वर करतात. काही छत्र्या फुटतात. बंडखोरांच्या बाजूचे वैद्यकीय स्वयंसेवक कुंपण ओलांडून धावतात. त्यांत कॅटनिसला एक सोनेरी वेणी दिसते, आणि बदकाच्या शेपटीसारखे मागून बाहेर आलेले सदऱ्याचे टोक. चिठ्ठी निघाली त्या दिवशीही प्रिमचा सदरा असाच मागून सुटला होता. कॅटनिस हाक मारते, प्रिम मान वळवते, आणि उरलेल्या छत्र्या फुटतात.

ज्या बहिणीसाठी सगळी कथा सुरू झाली तीच गेली. पुष्कळ वाचक लेखिकेवर रागावले ते इथेच. आम्हीही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो होतो. पण तेरा वर्षांच्या मुलीला लढाईच्या तोंडावर पाठवले कुणी? एवढ्या लहान वयाचे पाठवायचे तर वरून मंजुरी लागते. कारकुनाच्या डोक्यात हाच प्रश्न प्रथम येतो, आणि कॅटनिसच्याही येतो. कैदेतला स्नो तिला गुलाबांच्या काचघरात भेटतो. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. तो म्हणतो, मुले मारायला मी कचरलो असतो असे नाही, पण मी विनाकारण मारत नाही. आणि माझ्याकडे विमान शिल्लक असते तर त्यात बसून मी पळालो नसतो काय? म्हणजे बॉम्ब कॉइनचे. राजधानीच्या लोकांची स्नोवरची उरलीसुरली निष्ठा त्या एका क्षणात संपली. पुरावा कुठेच नाही. तो बॉम्ब तुझा होता का, असे विचारल्यावर गेलही 'नाही' म्हणू शकत नाही. त्याला ते ठाऊक नाही.

मग ती सभा. आमच्या मते सबंध मालेतले सर्वांत मोलाचे प्रकरण. उरलेले सात विजेते एका टेबलाभोवती बसले आहेत. कॉइन सांगते की, लोक सूड मागत आहेत, राजधानीची सगळी प्रजाच संपवा म्हणतात, पण तेवढी माणसे मारणे परवडणारे नाही. म्हणून एक मधला मार्ग: राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांच्या मुलांना घेऊन शेवटचे एकदा 'हंगर गेम्स' भरवायचे. निर्णय विजेत्यांनी घ्यायचा. चार मते पुरेत, तटस्थ कुणी राहायचे नाही, आणि कुणी कसे मत दिले हे गुप्त राहील.

सभांचे इतिवृत्त लिहिण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे ही मांडणी पाहून आम्ही दचकलो. आधी अतिरेकी पर्याय टेबलावर ठेवायचा, मग त्यापेक्षा कमी रक्ताचा पर्याय सौम्य म्हणून पुढे सारायचा. ठराव आपला, सही मात्र ज्यांनी सोसले त्यांची. उद्या कुणी विचारले तर, सर्वांत जास्त भोगलेल्यांनीच हे मागितले, असे सांगायची सोय झाली. पीटा संतापून 'नाही' म्हणतो. जोहाना 'होय' म्हणते, एनोबारियाही. ॲनी 'नाही', बीटी 'नाही'. कॅटनिस मनात विचार करते, पंचाहत्तर वर्षांपूर्वी पहिला खेळ ठरला तोही असाच, टेबलाभोवती बसलेल्या चार माणसांनी ठरवला असेल काय? आणि ती 'होय' म्हणते, प्रिमसाठी. तिच्यामागे हेमिच. चार विरुद्ध तीन, ठराव मंजूर.

तिने मनापासून 'होय' म्हटले की कॉइनला गाफील ठेवण्यासाठी, हे लेखिका सांगत नाही. यावर वाचकांत आजही वाद चालतो. आम्हाला दुसरे खरे वाटते. कॉइनला संशय आला असता तर धनुष्य हाती मिळाले नसते. पण आमच्या घरातच याबाबत दोन मते आहेत. आमच्या मुलीचे म्हणणे असे की, त्या क्षणी ती खरोखरच सूड मागत होती, आणि बाण सोडण्याआधीच्या दोन श्वासांत तिचा विचार पालटला. पुस्तक दोन्हींना जागा देते.

स्नोला मारण्याचा मान कॅटनिसचा. चौकात तो खांबाला बांधलेला आहे, वर सज्जात कॉइन उभी आहे. कॅटनिस नेम धरते, बाणाचे टोक वर उचलते आणि सोडते. सज्जातून कॉइन खाली कोसळते.

वाचकहो, शत्रू कोण हे पहिल्या पानापासून ठाऊक होते, त्याला मारायला शंभर माणसे तयार होती. आपल्याच बाजूच्या, आपल्याच निशाणाखालच्या माणसाने मुलांचा खेळ पुन्हा मांडला, तेव्हा त्याला आडवे जाणारी ती एकटी. त्याची किंमत तिला माहीत आहे. बाण सुटताच ती पोशाखातली विषाची गोळी तोंडाने शोधते, आणि पीटा मध्ये हात घालतो, तेव्हा तिचे दात त्याच्या हातात रुततात.

यानंतरचे लिखाण मात्र आम्हाला घाईचे वाटले. कॅटनिस खोलीत कोंडलेली असताना तिचा खटला बाहेर उरकतो, ती मनाने ढासळलेली ठरून सुटते, आणि पेलर निवडून येऊन अध्यक्ष होते, हे सगळे दुसऱ्याच्या तोंडून काही ओळींत कळते. बारा जिल्ह्यांनी नवे कायदे कसे केले, धान्याचे काय झाले, चिठ्ठ्यांची ती भांडी कुणी फोडली, याची आम्हाला फार उत्सुकता होती. बाण सोडण्याला जेवढी पाने दिली तेवढी निवडणुकीला दिली असती तर बिघडले नसते. गेलला दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी देऊन वाटेला लावणे हेही जरा सोयीचेच.

पण कॅटनिसच्या दुःखाला लेखिकेने पूर्ण वेळ दिला आहे. जळालेल्या गावी परतलेली ही शूर मुलगी दिवसेंदिवस चुलीपुढे बसून राहते, अंघोळ करत नाही, केस विंचरत नाही. एके दिवशी प्रिमचे कुरूप मांजर शेकडो मैल चालून घरी येते. ती त्याच्यावर ओरडते, ती मेली, परत येणार नाही, आणि मग दोघेही रात्रभर एकमेकांजवळ बसतात. पीटा घराच्या कडेला प्रिमच्या नावाची फुलझाडे लावतो. गेलेल्या माणसांची एक वही ते करतात, प्रत्येकाचे चित्र आणि त्याची आठवण. लेखिकेचे वडील हवाई दलात होते. ती सहा वर्षांची असताना, १९६८ साली, ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. वडिलांची वाट पाहण्याच्या त्या वर्षावर तिने २०१३ मध्ये लहान मुलांसाठी वेगळे पुस्तकही लिहिले. युद्ध जिंकून आलेला माणूस घरी कसा बसलेला असतो हे तिला कुठून कळले, याचा अंदाज त्यावरून येतो.

या कथेतली तीन बोटे उंचावण्याची खूण पुस्तकाबाहेरही पडली. थायलंडमध्ये २०१४ साली लष्कराने सत्ता घेतल्यावर विद्यार्थ्यांनी ती केली आणि त्यासाठी पोलिसांनी त्यांना धरून नेले. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी बंडानंतर ती रस्तोरस्ती दिसली. त्या देशाच्या राजदूताने संयुक्त राष्ट्रांच्या सभेतही बोटे उंचावली.

आता आयांच्या प्रश्नाकडे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हा शेवटचा भाग एकटीने वाचू देऊ नये असे आम्हाला वाटते. चौदा-पंधरापासून पुढे हरकत नाही. 'हंगर गेम्स', 'कॅचिंग फायर', 'मॉकिंगजे' या क्रमानेच वाचावे, मधले पुस्तक गाळले तर शेवट कळत नाही. इंग्रजी सोपे आहे, वाक्ये लहान आहेत. दहावीच्या मुलीला कोश जवळ ठेवून जमेल. शेवटच्या भागाचे दोन चित्रपट केले आहेत, २०१४ व २०१५ चे. पण ते आधी पाहू नयेत, पुस्तकात कॅटनिसच्या मनात जे चालते ते पडद्यावर पुरते येत नाही. लेखिकेने नंतर २०२० आणि २०२५ मध्ये याच राष्ट्राच्या आधीच्या काळावर आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या मागाहून घ्याव्यात. आणि मुलगी त्या सभेच्या प्रकरणापर्यंत आली की आईने क्षणभर पुस्तक मिटायला लावून विचारावे, तू त्या टेबलाशी असतीस तर काय मत दिले असतेस? तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे, मध्येच तोडू नये.